पाहणाऱ्याची सही

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोन करणार होतो, पण दुकानात असलीस की तुझा एक कान माझ्याकडे आणि एक बिघडलेल्या इस्त्रीकडे असतो, म्हणून पत्र.

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचं प्रदर्शन आहे आणि ते माझ्याच गळ्यात पडलंय. कुणा गिऱ्हाइकाने बाबांकडे दुरुस्तीला टाकलेलं आणि परत न नेलेलं आपलं यंत्र मला हवंय. टेपरेकॉर्डर आणि विमानं पाडायच्या खेळाची कॅसेटही पाठव. आणि ती वही. यंत्र बंद केलं की गुण पुसले जायचे म्हणून बाबांनी घातलेली. दुरुस्त रेडिओ दुसऱ्या कुणी वाजवून सही केल्याशिवाय ते दुकानाबाहेर जाऊ देत नसत, तोच नियम त्यांनी आपल्या गोळीबारालाही लावला. पाहणाऱ्याची सही नाही, तर गुण नाहीत! मुलांना फार गंमत वाटेल.

सोबत छापील पत्रक आहे. तेराव्या वर्षी मी एकसष्ट हजार दोनशे चाळीस गुण केले आणि बाबांनी शब्द पाळून मला काकांकडे कॉम्प्युटर शिकायला धाडलं, हे त्यात लिहिलंय. आईला वाचून दाखव, खूश होईल. तिचे गुडघे कसे आहेत? या सुट्टीतही येणं जमेलसं दिसत नाही.

लोभ आहेच, त्यात एका पार्सलाची भर घालावी.

तुझा
टिल्लू

ता. ११ जानेवारी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. टक्कल पडलं तरी आम्हाला तू टिल्लूच.

पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिले. अरे, ते एकसष्ट हजार माझे आहेत.

त्या दिवशी तू दाढ काढायला गेला होतास. कॅसेट चढायला पाच मिनिटं लागायची, तेवढ्यात मी भांडी विसळून घेतली आणि खेळायला बसले. तू बटण बडवत सुटायचास. माझ्या लक्षात आलं होतं, की एक गोळी पडद्याबाहेर गेल्याशिवाय दुसरी सुटतच नाही. म्हणून मी एकेक गोळी जपून सोडत होते, खालची विमानं आधी, वरची उडती तबकडी शेवटी. आई मागे उभी राहून बघत होती. साठ हजार ओलांडून खेळ संपला, तेव्हा मी पाणी प्यायला उठले. दोघांतलं जे आधी साठ हजार ओलांडेल ते काकांकडे जाईल, असं बाबांनी कबूल केलं होतं. दोघांना पाठवणं त्यांना झेपणारं नव्हतं.

परत आले तर यंत्र बंद. वहीत आईच्या अक्षरात तुझं नाव आणि खाली तिची सही. मी विचारलं तर म्हणाली, तो मुलगा आहे, त्याला पोट भरायचंय, तू गप्प बस. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, की दाढेला निघण्याआधीच पोराने बाजी मारली. तू सुजलेला गाल धरून ते ऐकलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि मूग गिळून बसलास. तेही मी सोसलं. पण आता छापून आणलंस?

मला माफीबिफी नको. वहीशेजारी जी पाटी लावशील तिच्यावर माझं नाव लिही. एवढं एकच मागणं माझं.

आईचे आशीर्वाद. माझे वर दिलेच आहेत.

ताई

ता. २० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही.

खरं सांगू? मला नीट आठवत नाही. ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय, की बटणावर माझीच बोटं होती असं वाटतं. दाढ काढली होती, एवढं खरं. पण पत्रक गावभर गेलंय. मी विभागप्रमुख व्हायच्या बेतात आहे. विद्यार्थ्यांसमोर खोटा पडलो तर या वयात तोंड कुठे लपवू?

शिवाय बाबांच्या नियमानेच बघ. नाव माझं, सही आईची. परवा तू दुकानात असताना मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, गुण तुझेच. पाहणारीच असं म्हणते, तर मी काय करू? पाटीवर ‘आमच्या घरातला विक्रम’ असं लिहितो, म्हणजे तुझाही मान राहील. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय?

राग सोडावा, लोभ धरावा.

टिल्लू

ता. २८ जानेवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद.

आईला मी समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, टिल्लूचेच होते, आणि धुतलेल्या चादरीच्या घड्या घालायला लागली. अकरा वर्षं मी या बाईला आंघोळ घालते आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात रडू फुटलं, तेही पंखा न्यायला आलेल्या मास्तरीणबाईंसमोर. लाज वाटली.

पार्सल आज गेलं. वहीत मी कसलीही खाडाखोड केलेली नाही. आणि रविवारी सकाळच्या गाडीने आईही येते आहे, शेजारच्या नर्सबाई सोबत आहेत. वही तुझी, मग सही करणारीही तुझ्याकडेच शोभेल. गोळ्यांची यादी पिशवीत आहे. गुडघ्यांना तेल गरम करून लावावं लागतं, आणि उठताना हात द्यावा लागतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

लोभ खूप केला. आता तू कर.

ताई

ता. २५ फेब्रुवारी

चि. पोरीस,

आईचे अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

प्रदर्शन झालं. मला वहीजवळ खुर्ची टाकून दिली होती. मुलं येऊन विचारायची, आजी, तुम्ही खरंच पाहिलंत का? मी हो म्हणायचे. टिल्लू खूश होता.

इथे सगळे सकाळी आठला बाहेर पडतात. सून चांगली आहे, गोळ्या डब्यात मोजून ठेवते. तेल लावायला मात्र कुणाला सवड नाही. काल न्हाणीघरात गुडघे आखडले आणि दुपारभर तिथेच बसून राहिले. हाक मारली, पण ऐकायला घरात कोण होतं?

तुझ्याशी मी खोटं बोलले. गुण तुझेच होते. आणि मुलगा म्हणून त्याचं नाव लिहिलं असं तेव्हा सांगितलं, तेही खरं नव्हतं. तुम्ही खेळायचात तेव्हा मी रोज मागे उभी राहून बघायचे. तो हरला की यंत्र आपटून बाहेर पळायचा. तू हरलीस तरी कॅसेट गुंडाळून, वायरी काढून, टीव्हीची काच पुसून मगच उठायचीस. काकांकडे गेलेलं पोर परत यायचं नाही, हे मला कळत होतं. म्हातारपणी माझं कोण करील, हेही कळत होतं. म्हणून जे गेलं तरी चालण्यासारखं होतं, त्याचं नाव मी लिहिलं.

हे टिल्लूला सांगू नकोस, त्याला फार लागेल. तुझा राग मला दिसतो आहे, पण किती दिवस धरशील? या रविवारी येऊन मला घरी घेऊन जा.

तुझी
आई