तीन मॅचवरून काही सिद्ध होत नाही

५ ऑक्टोबर, रविवार
रोजनिशी पुन्हा सुरू. कारण राग नव्हे, शास्त्रीय आहे. आखातातल्या आमच्या कॉलेजने फुटबॉल टीमसाठी बाहेरून कोच आणला. आठ वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवून मी ही टीम सांभाळली. आपण कधी दुसऱ्या फेरीत गेलो नाही, हे खरं. पण माझ्या नोटिसा वेळेवर लागत.
डीन अदीबा मॅडम म्हणाल्या, नवा माणूस महिनाभर बघा आणि मत द्या, मग त्याला ठेवायचं की नाही ते ठरवू. म्हणजे टीम परत माझ्याकडे येणार. शिट्टी धुतली. हमरियाच्या बाजारातून नवी दोरी आणली.
संकल्प: पूर्ण तटस्थ राहायचं.

६ ऑक्टोबर
कोचला भेटलो. नाव रेहान. गाव बरका, म्हणजे इथलाच अरब. वय एकोणतीस, दिसतो बावीसचा. हिंदीत म्हणाला, सरांबद्दल खूप ऐकलंय. काय ऐकलंय ते सांगितलं नाही. इथेच माणूस कळतो. त्याची हिंदी माझ्यापेक्षा साफ आहे. हेही मुद्दामच.

८ ऑक्टोबर
पहिली चूक सापडली! प्रॅक्टिसची वेळ बदलली.
माझ्या काळात साडेपाच म्हणजे साडेपाच. मध्येच सूर्यास्ताची, मगरिबची अजान व्हायची, निम्मी पोरं नमाजाला जायची ती तिकडूनच कडक चहा पिऊन घरी. आठ वर्षं मी त्यावर नोटिसा काढल्या. यानं काय केलं? प्रॅक्टिसच रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर ठेवली. ऊन नाही, अजान नाही, पोरं सगळी हजर. घड्याळ पुढे ढकलायला कोच कशाला लागतो?

१२ ऑक्टोबर
दुसरी चूक. त्याने सलीलला टीममध्ये घेतलं.
दोन वर्षं मी सलीलला बाकावर बसवला. सरांनी स्वतःच्या मुलाला पुढे काढलं, असं कुणी म्हणायला नको. सलीलने एकदाही तक्रार केली नाही. म्हणजे त्याला ते पटलं होतं. आता त्याला लेफ्ट विंगला खेळवणार म्हणे. मला खूश करण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. मी होणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, रात्री
पहिली मॅच. २-० जिंकलो. समोरची टीम भुक्कड होती. त्यांच्या गोलकीपरला मी हाफटाइमला शिंकताना पाहिलं.
माझी पद्धत अशी: मी बॉलकडे बघतच नाही, कोचकडे बघतो. बॉलकडे काय, कुणीही बघतं. रेहान पूर्ण वेळ पाठीमागे हात बांधून उभा. एकदाही ओरडला नाही. मी ओरडून ओरडून दर मॅचला घसा बसवून घ्यायचो. मेहनत दिसावी लागते.
शैला म्हणाली, पोरगा जिंकून आलाय आणि तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का? मी तटस्थतेचा अर्थ सांगितला. ती भांडी लावत राहिली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
अल खौदच्या आमच्या फ्लॅटवर मराठी मंडळाची माणसं आली. आल्या आल्या सगळे कोचचं कौतुक करायला लागले. मी सॅम्पल साइज म्हणजे काय ते समजावलं. नाण्याचा एकदा छापा पडला म्हणून ते हुशार ठरत नाही. लोक हळूहळू शंकरपाळ्यांच्या दिशेने सरकले.
सलीलने डबाभर चकल्या कोचला नेल्या. डबा रिकामा परत आला. जिभेवर ताबा नाही, टीमवर काय असणार?

२३ ऑक्टोबर, गुरुवार
दुसरी मॅच. १-०. तोही पेनल्टीवर. फुकटचा गोल.
घरातलं वातावरण बिघडत चाललंय. सलील पूर्वी कानात इअरफोन घालून शांत जेवायचा. आता भात गार होईपर्यंत बोलतो. अर्धं इंग्रजी, क्रियापदं मराठी. कोच असं सांगतो, कोच तसं सांगतो. डिफेंडरला मी फूल केला, मग आत कट केला. शैला हसते, पुन्हा वाढते. आठ वर्षं कोच मी होतो, तेव्हा कोच काय म्हणतो हे घरात कुणी विचारलं नाही.
संकल्प: उद्यापासून सलीलशी रोज अर्धा तास फुटबॉलवर बोलायचं. त्याचा गैरसमज दूर करायचा.

२४ ऑक्टोबर
बोललो. चार मिनिटांत त्याला असाइनमेंट आठवली.

३० ऑक्टोबर, गुरुवार, रात्री उशिरा
तिसरी मॅच. ३-१. वारा आमच्या बाजूने होता.
महत्त्वाचा पुरावा मिळाला. दुसऱ्या हाफमध्ये अचानक मोठा आरडाओरडा झाला आणि रेहानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळे पुसले. मैदानावर! भावनांवर काबू नाही. नोंद केली.
आरडाओरडा सलीलच्या गोलचा होता, हे नंतर कळलं.
गाडीत सलीलने विचारलं, बाबा, बघितला ना? म्हटलं, अर्थात. त्याने विचारलं, कुठल्या पायाने मारला? मी म्हटलं, उजव्या. दहातले आठ लोक उजव्या पायाने मारतात, संभाव्यता पूर्ण माझ्या बाजूने होती.
घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. जेवताना इअरफोन. चला, शांतता परत आली.

२ नोव्हेंबर
शांतता अजून आहे. शैला म्हणाली, काय बोललात हो त्याला? काहीच नाही. एक शब्द बोललो, उजव्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
डीनची मीटिंग. बौशरच्या त्यांच्या ऑफिसातल्या एसीत पाऊण तास बोललो. नाणं, छापा, शिंकणारा गोलकीपर, वारा, चकल्या. सारांश: सुरुवातीचं यश हे यशच नव्हे. तीन मॅचवरून काही सिद्ध होत नाही. प्रामाणिक मत बनवायचं तर किमान तीन सीझन बघायला हवेत.
मॅडमनी मान डोलावली. म्हणाल्या, गुरुदत्त सर, अगदी पटलं. फोन उचलला आणि रेहानला तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायला सांगितलं. खलास.
मी म्हटलं, मग माझा विचार? त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, तुमचं सॅम्पल आठ वर्षांचं आहे, ते पुरेसं आहे.
शिट्टी शैलाने बाल्कनीतली कबुतरं हाकलायला घेतली. उडतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी शैलाने पुण्याला विशाखाला, म्हणजे तिच्या बहिणीला, व्हिडिओ कॉल लावला. तिला गोल दाखवायचा म्हणून कुणीतरी काढलेलं शूटिंग टीव्हीवर लावलं. मी पेपर वाचत होतो.
गोल झाला. विशाखा ओरडली. मग म्हणाली, अगं, ते मागे कोण ध्यान उभंय? सगळं स्टेडियम गोलकडे बघतंय आणि हा बाबा भलतीकडेच. समोरच्या टीमचा असेल, नाही का?
शैलाने टीव्ही थांबवला. चित्रात सगळ्यांचे हात वर. माझे हात खिशात, मान बरोब्बर उलटी, नजर कोचवर. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. शैला खोटं बोलत नव्हती.
 विशाखाला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.
मी खुलासा करणार होतो. पद्धत, निरीक्षण, तटस्थता. सलील उठला. वाटलं, खोलीत जाईल. त्याने एक इअरफोन काढला, रिमोट घेतला, माझ्या हातातला पेपर बाजूला ठेवला. म्हणाला, बाबा, परत लावतो. ह्या टाइमला बॉलकडे बघ.
बघितलं.
डावा होता.