आईच्या मापाची सायकल

कुडवा, गोंदिया
१२ सप्टेंबर २००४

प्रिय संघदीप,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस, आईच्यानं रोज गोंदियाला जाणं-येणं होणार नाही, म्हणून कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडतो आणि बाबा गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्यांच्या ऑफिसातल्या जागेवर शिपाई म्हणून मीच लागतो. वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तो अजून उतरला नाही, तेव्हा नीट ऐक.

मी सायकल शिकले. हसू नको. शेजारच्या अल्कानं उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर शिकवली. सगळ्यांचा आग्रह, बाबांचीच सायकल चालव, त्यांची आठवण राहील. पण तिला मधला दांडा, माझी साडी, आणि उंची त्यांच्या मापाची. दुसऱ्याच दिवशी पडले, कोपर सोलून निघालं. बाबांची आठवण घरभर आहे रे, तिच्यासाठी दांड्यावरून टांग कशाला टाकायची? ती सायकल पुसून ठेवली आहे, तू आलास की चालव.

मग बाजारातून लेडीज सायकल घेतली. दुकानदार रंगच दाखवत बसला. मी म्हटलं, रंगावर बसायचं नाही, सीटवर बसायचं आहे. त्यानं सीट पार खाली केली आणि म्हणाला, "माताजी, दोनो पैर जमीन पे टिकने चाहिये, नही तो गिर जाओगी." वर हँडलला लिंबू-मिरची बांधली. मी ती तिथेच सोडवून घेतली आणि लिंबू संध्याकाळी वरणावर पिळलं. चांगलं रसदार होतं.

पण त्या बुटक्या सीटनं आठ दिवसांत गुडघे धरले. समोरची सुशीलाबाई दारातून ओरडली, "कायले हातपाय मोडून घेऊन राहिली वं पार्वता?" मलाही वाटलं, झालं, आपल्या नशिबी सायकल नाही. मग आठवलं, निंदायला दिवसभर उकिडवं बसलं की गुडघा असाच आखडतो आणि पाय लांब केला की सुटतो. पाना मागून आणला आणि सीट रोज थोडी वर घेतली, पायडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ होईल इतकी. हँडलही उचललं, तेव्हा कुठं पाठ सुटली. आता थांबल्यावर जमिनीला नुसते चवडे लागतात, म्हणून ब्रेक दाबून आधीच सीटवरून पुढं उतरते. पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावली, डब्यासाठी कॅरिअर. सीटवरचं प्लास्टिक अल्का काढू देत नव्हती, नवी दिसते म्हणे. त्यावरून मी घसरून पडता पडता राहिले, तेव्हा फाडून टाकलं.

रेल्वेच्या पुलावर मात्र उतरून ढकलते. तिथं चांगले चांगले तरणे ढकलतात. परवा मोठी सर आली, भिजले, तरी वेळेत पोचले. ऑफिसचा चौकीदार कवडू आता माझी सायकल सावलीत लावायला सांगतो.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. महिना झाला, मी बाबांच्या जागेवर हजर झाले. आधी कळवलं असतं तर पहिल्या गाडीनं येऊन दारात आडवा पडला असतास. हट्टाला बापावरच गेला आहेस. पहिल्या दिवशी साहेबांच्या टेबलावर चहा सांडला. पण संध्याकाळी सायकलवर घरी येताना मला कुणाची वाट पाहावी लागत नाही, कुणाला घरी सोड म्हणावं लागत नाही. सगळं तुझ्यासाठी केलं असं समजू नको, यातलं निम्मं माझं आहे. तेव्हा बेटा, तुला लागायला इथं जागाच उरलेली नाही. परीक्षेचा फॉर्म भर, आणि भरल्याचं लगेच कळव.

तुझीच,
आई