आईचं कोण करतं

प्रिय ताई,

मंगळवारपासून तुझे फोन उचलले नाहीत, रागावू नकोस. प्रस्ताव मंजूर झाला एवढं मेसेजवर कळवलं, पण बाकीचं तोंडाने बोलवलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसलेय. वॉर्डातून आत्ताच आले, पाय नुसते ठणकतायत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

गेले आठ महिने कसे गेले ते माझं मला माहीत. ड्यूटी संपली की ग्रंथालय, तिथून घर, घरी पुन्हा लॅपटॉप. पीएच.डी.चा प्रस्ताव म्हणजे पंधरा पानं, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी तो पाच वेळा परत केला. पहिल्यांदा म्हणाल्या, "हा विषय नाही, ही तक्रार आहे." मग म्हणाल्या, "घरोघरचा थकवा तुम्ही एकट्या मोजणार? कापा." कापता कापता उरलं ते इतकंच: अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी करणाऱ्या बायकांची झोप. चाळीस बायका, एक शहर, दोन वर्षं. पाचव्या वेळी मॅडमनी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

मंगळवारी समितीपुढे सादरीकरण होतं. लांबट खोली, समोर पाच जण, आणि पंख्याची घरघर एवढी की मला ओरडूनच बोलावं लागलं. वीस मिनिटं दिली होती, अकराव्यालाच अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग संख्याशास्त्राच्या बाईंनी मला सोलून काढलं. चाळीसच का? बायका सांगतील ती झोप खरी धरणार का? शेवटी त्या म्हणाल्या, "दर दोन तासांनी कूस बदलायची, असं लिहिलंय तुम्ही. वॉर्डात तीन पाळ्या असतात, घरी एकच बाई असते. तुम्ही स्वतः घरी कुणाचं केलंय का?"

मी म्हणाले, "हो. आईचं. सात वर्षं झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, "मग आम्ही काय विचारणार." पाच मिनिटांत मंजुरी.

ताई, सात वर्षांत मी आले ती दोन-दोन दिवस, पाहुणीसारखी. सूचना मात्र ढीगभर: पाठ कोरडी ठेव, उशी अशी लाव. तू "बरं" म्हणायचीस. प्रस्तावातलं त्यांना जे जे पटलं, ते मी तुझ्याच फोनमधून उचललंय. बोलता बोलता तू "थांब गं, आईला वळवते" म्हणून फोन ठेवायचीस, त्यातून. तुझी सात वर्षं मी एका वाक्यात माझ्या नावावर करून घेतली, आणि जिभेला काही झालं नाही.

बुधवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "समितीला लेखी द्या." दिलं. आता पुन्हा बोलावतील, कदाचित सगळं पहिल्या पानापासून करायला लावतील. लावू देत. इतकी दमलेय की त्याची भीतीही वाटेनाशी झालीय.

हे पत्र माफीसाठी नाही. मी मागायच्या आधीच तू माफी देऊन मोकळी होशील, मी ओळखते तुला. चाळीस बायकांसाठी मी प्रश्न लिहिलाय, सलग झोप शेवटची कधी मिळाली? तुला तो कधी विचारला नाही, आणि आता विचारायचं तोंड नाही. म्हणून महिन्याची रजा मंजूर करून घेतलीय. येत्या एक तारखेला सकाळी पोचते. वही आणत नाही, लॅपटॉप आणत नाही. पहिला दिवस मला आईचं सगळं दाखव, मग तुझ्या लेकीकडे जा, आणि मी घाबरून फोन केला तरी लगेच परत येऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं तर "काही नको, तू तुझं शिक्षण बघ" म्हणाली असतीस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. दार उघडल्यावर माझी बॅग घ्यायला पुढे होऊ नकोस. तुझी भरून ठेव.

तुझीच,
धाकटी