माळ्याची कड

चुडावा, ८ बहमन १३५३ फसली (डिसेंबर १९४३)

शेवटच्या पायरीवर ट्रंक अडली. वरून ओढायला कोणी नव्हतं, म्हणून डोक्याने रेटली. ती मातीची कड ओलांडून माळ्यावर घसरली, मागोमाग मी. कडेला ठेचकाळून अंगठा फुटला. खूप दिवसांनी मोठ्याने हसलो.

जागा चांगली आहे. खाली मालकीणबाई बायनाबाई, एकटी विधवा, आणि तिची शेळी. वर मी. फळ्यांवर माती, मातीवर सारवण. तीन बाजूंना भिंत. चौथी बाजू उघडी. तिथेच शिडी लागते. त्या उघड्या बाजूने मातीची वेडीवाकडी कड आहे, कुठे वीतभर, कुठे चार बोटं. कठडा नाही.

उद्या सरकारी मदरशात मास्तर म्हणून रुजू व्हायचं. जागा नीट झाली की सेलूहून विमला आणि हेमाला आणायचं. हेमा आता रांगते. बायनाबाईला कुटुंब येणार एवढंच सांगितलं.

११ बहमन

खुरप्याने कड काढली. लिंबाजी सुताराकडून सागवानी पट्टी आणून फळ्यांच्या टोकाला ठोकली, तिच्याबरोबरीने माती चोपली. परातीत पाणी ठेवून पाहिलं. सपाट.

ठोकठोक ऐकून बायनाबाई शिडीखाली आली. म्हणाली, कड ऱ्हाऊ द्या मास्तर. मी म्हणालो, वाकडी आहे. ती म्हणाली, वाकडी हाय तर तुमचं काय खायलीय? मी सांगितलं, पुढे कठडा करून घेईन. मग ती शेळीला घेऊन आत गेली.

रात्री भाकरी, तेल-तिखट. मदरशात उर्दूत हजेरी घेतो, त्यापलीकडे इथे माझ्याशी कोणी बोलत नाही.

१३ बहमन

सकाळी पट्टीवर कड होती. बोटभर उंच, ओली. सारवणाचे अर्धगोल फराटे, एकात एक.

बायनाबाईला विचारलं. ती म्हणाली, शिडी चढायला माझे गुडघे कुठं ऱ्हायलेत? वर असंही म्हणाली की बायकोची आठवण लय येत असंल, म्हणून मास्तर झोपेत सारवायलेत. आम्ही दोघं हसलो. तिचं हसू आधी थांबलं.

कड खरवडून टाकली.

१५ बहमन

झोपताना शिडी वर ओढून घेतली. सकाळी पुन्हा कड. आज वीतभर. फराटे हाताच्या अरुंद पंजाचे. माझे हात पाहिले. नखं स्वच्छ.

पहाटे आवाज ऐकला होता. ओल्या मातीवर तळहात फिरतो तो. लहानपणी या आवाजाने जाग यायची. आई ओसरी सारवत असायची. मी डोळे उघडले नाहीत. खरं लिहितो, बरं वाटलं. घरात कोणीतरी होतं.

१७ बहमन

आज खरवडली नाही. रात्री तिकडे तोंड करून झोपलो.

१८ बहमन

लिंबाजीला पट्टीचं सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला. म्हणाला, पट्टी माळ्याला पाहिजे हे आधी सांगायचं होतं.

मग त्याने सांगितलं. बायनाबाईची थोरली जाऊ कडूबाई या माळ्यावर राहायची. ती खाली दळत असताना तिचं रांगतं लेकरू वरून पडलं. कड तिने त्यानंतर घातली. रोज थोडी वाढवायची. लोक म्हणायचे, आता कोणासाठी? ती म्हणायची, पुन्हा रांगत येईल. एका हिवाळ्यात वरच गेली, हात मातीने भरलेले.

घरी येऊन बायनाबाईला हेमाविषयी सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, नुसती बायको येणार म्हणून जागा दिली, मास्तर. लेकरू हाय म्हणला असता तर दिली नसती. कड असली की ती निवांत असती. तुमी ती काढली.

विमलाला पत्र टाकलं. येऊ नकोस.

२० बहमन

दुपारच्या गाडीने विमला उतरली. तिचा भाऊ नांदेडला चालला होता, तिला स्टेशनावर उतरवून तो त्याच गाडीने पुढे गेला. पत्र पोचलंच नव्हतं. हेमाने मला ओळखलं नाही.

बायनाबाई नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला गेलेली. तिच्या दाराला कुलूप. परतीची गाडी उद्या सकाळी. रात्र माळ्यावरच.

पट्टी उपटली. माती आणली, शेण आणलं. कड मी घातली, माझ्या हाताने, गुडघ्याएवढी. विमला म्हणाली, एकटं राहून तुम्हांला वेड लागलंय. तिला काही सांगितलं नाही. हेमाचा पाय विमलाच्या पदराला बांधला. गाठ दोनदा पाहिली.

कंदील भरला आहे. मी जागा राहणार.

विमला झोपली.

माती ओली आहे. अजून वाळत नाही — थंडी —

आवाज. माझ्या कडेवर. कोणी चाचपून बघतंय, किती उंच —

थांबला. पसंत पडली असेल. असेल ना —

हेमा जागी आहे. हसते आहे. माझ्याकडे बघून नाही. हात वर केले, उचलून घ्या म्हणतात तसे. कंदील बारीक होतोय, तेल तर —

कडूबाई, ही माझी आहे, हिला —

२१ बहमन. सकाळ.

मला झोप कशी लागली ते कळलं नाही. पदराची गाठ सुटलेली नव्हती. हेमा त्यात नव्हती.

ती माळ्याच्या टोकाशी झोपली होती. तिच्या चारी बाजूंनी ओल्या मातीची कंबरेएवढी भिंत. कुठेही फट नव्हती. भिंत फोडून तिला काढलं. शिडी उतरताना ती माझ्या खांद्यावरून मागे हात करून रडत होती. सकाळच्या गाडीने आम्ही सेलूला निघालो.

भिंत बाहेरून खडबडीत होती. त्याच अरुंद पंजाचे फराटे सगळे आतल्या बाजूने होते. हेमाचे हात कोरडे होते.