व्याह्यांसमोरची ट्रायल

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून ट्रायल. मधल्या खोलीत प्लायवूडच्या टेबलावर छोटं मिरज जंक्शन उभं आहे. तीन गाड्या (महालक्ष्मी, कोयना आणि एक मालगाडी), एक स्टेशन, सगळं ऑटोमॅटिक. रुळांच्या मधोमध बारीक सेन्सर बसवलेत. मी त्यांना डोळे म्हणतो. डोळ्यावर गाडी आली की अंधार होतो, कॉम्प्युटरला कळतं, मागची गाडी थांबते. कुपवाडच्या कारखान्यात जन्मभर मेंटेनन्स केला तो काय उगाच?

पहिल्याच फेरीत महालक्ष्मी कोयनेवर मागून चढली. कारण: अंजनाने मिक्सर लावला. व्होल्टेज पडलं. बायकोला तसं स्पष्ट सांगितलं. मग आजपासून चटणी मागू नका, म्हणाली. रिटायर माणसाला घरात काडीची किंमत नाही.

१७ सप्टेंबर
कट उघडकीस आला. लेक राजनंदिनी दसऱ्यानंतर पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, अंजनाला तिच्यासाठी हीच खोली हवी. टेबल माळ्यावर! मी म्हटलं, पोर हॉलमध्ये झोपेल की. हे बोलायला नको होतं.

शेवटी तह झाला. दसऱ्याला व्याही येतायत. त्यांच्यासमोर चहा संपेपर्यंत तिन्ही गाड्या न धडकता चालल्या, तर टेबल राहील, पोरीला आमची खोली, आम्ही दोघं हॉलमध्ये. नाहीतर माळा. हरायचा प्रश्नच नाही.

व्याही म्हणजे वडूजचे लालासाहेब, रिटायर सुभेदार. लग्नात माझा फेटा सुटला तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस. विसरलो नाही.

२१ सप्टेंबर
मालगाडी उसासकट वळणावर आडवी. कारण: रूळ विकणारा दुकानदार. चोर लेकाचा. उद्यापासून रोज पहाटे उठून टेस्टिंग.

२३ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. अंजनाने मुद्दाम उठवलं नाही.

२८ सप्टेंबर
चालल्या! तिन्ही! कोयना आली की महालक्ष्मी थांबते, मालगाडी बाजूच्या रुळावर, सायडिंगला जाते. डोळ्यांत पाणी आलं. अंजना देवीच्या आरतीला गेली होती, पाहायला कोणीच नाही. नसू दे. लालासाहेबाचं तोंड बघायचंय मला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कारखान्यात खंडेनवमीची पूजा दरवर्षी माझ्याच हातची असायची. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू. आज जंक्शनची यथासांग पूजा केली. इंजिनांना झेंडूचे हार. इंजिनाला कुंकू आणि डोळ्यांना नाही, हा अन्याय झाला असता, म्हणून प्रत्येक डोळ्याला बोट टेकवलं. कुंकू पाण्यात कालवून घेतलं, उडायला नको. अंजनाने फोटो काढला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. लालासाहेबाने नुसता अंगठा पाठवला. जळतोय.

पूजा झाली की दसऱ्यापर्यंत मशीन सुरू करायचं नाही. नियम म्हणजे नियम.

२ ऑक्टोबर, दसरा
लिहायची इच्छा नाही.

व्याह्यांनी सोनं दिलं, गळाभेट घेतली, खुर्ची ओढून टेबलापुढे बसले. मी बटण दाबलं. सगळे सिग्नल लाल. एक गाडी हलेल तर शपथ. चहा संपला. दुसरा चहा संपला. लालासाहेब म्हणाले, आवं पाव्हणं, टक्कर काय झाली न्हाई बगा, ह्ये मातर मानलं पायजे.

मी हेच धरून बसलो. न धडकता, एवढंच ठरलं होतं. अंजना म्हणाली, न धडकता चालल्या तर, असं ठरलं होतं. दोघं मिळून हसली. फितूर आहेत सगळे.

३ ऑक्टोबर
निदान झालं. व्हायरस. लालासाहेबाने माझ्या कॉम्प्युटरवरून मोबाईल चार्ज केला होता. फौजी माणूस, दिसतो तितका भोळा नाही. सगळा प्रोग्रॅम मुळापासून पुसून टाकला. बॅकअप ठेवलेला नाही. बॅकअप ठेवतो तो माणूस स्वतःला ओळखत नाही. मी नवीन लिहीन, याहून चांगला.

४ ऑक्टोबर
माळ्यावर चढवण्याआधी अंजनाने टेबल ओल्या फडक्याने पुसलं. फडकं लालभडक. अहो, ह्या डोळ्यांत कुंकू कोणी घातलं, तिने विचारलं. मी तात्काळ सांगितलं, तुझ्या व्याह्याने. तिने ग्रुप उघडून दाखवला. फोटोत मी, हातात वाटी, बोट डोळ्यावर. खाली माझंच वाक्य: एकही डोळा सुटला नाही.

मी मोबाईल उलटा करून ठेवला.

मग बाई अचानक विरघळली. म्हणाली, जाऊ दे, आता पुसलंय, लावा बघू एकदा. मी बघते. चालल्या तर टेबल राहू दे, पोरीला आपली खोली देऊ. आणि चहा टाकायला गेली.

चहा घेऊन ती टेबलापुढे येऊन बसली. गाड्यांकडे बघत राहिली. मी कोऱ्या कॉम्प्युटरकडे बघत चहा प्यायलो. म्हटलं, नको. पोरीची सोय आधी.

५ ऑक्टोबर
टेबल माळ्यावर गेलं. राजनंदिनी आली. तिचे पाय सुजलेत. बाबांनी आपणहून खोली सोडली, असं अंजना तिला कौतुकाने सांगत होती.

खरं म्हणजे तसंच झालं.