जास्तीचे चौदाशे साठ

४ ऑगस्ट, सोमवार

बँकेनं माझ्या व्याजातले दहा हजार आठशे पंच्याहत्तर कापले! आज कळलं. गेल्या वर्षी एप्रिलात पंधरा एचचा फॉर्म द्यायला पाहिजे होता – माझं उत्पन्न कराएवढं नाही, कापू नका, असं लिहून द्यायचा. मी दिलाच नाही. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, कुणाचे सुट्टे दोन रुपये विसरलो नाही, आणि हा फॉर्म विसरलो.

घरी बायकोला, कडूबाईला सांगितलं. म्हणाली, गेलं म्हणा की. म्हटलं, जात नसतं. रिटर्न भरलं की माघारी येतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब केला. महिन्याची तीन हजार पेन्शन, रिटायरमेंटच्या पंधरा लाखांच्या एफडीचं व्याज. कर शून्य बसतो. म्हणजे कापलेलं सगळं परत – १०,८७५. तीनदा बेरीज केली, तेवढेच आले.

या पैशात दोघांनी कन्याकुमारीला जायचं. जन्मभर लोकांची तिकिटं फाडली, सोलापूर–उमरगा, उमरगा–सोलापूर. स्वतः तिकीट काढून कुठं गेलोच नाही.

कडूबाई म्हणाली, "तिथं काय हाय?"

म्हटलं, तीन बाजूंनी समुद्र.

"मग बसायचं कुठं?"

हसून हसून ठसका लागला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अणदूरच्या स्टँडजवळ वैष्णवी नावाची पोरगी ऑनलाइनची कामं करते. बोटं लई चालतात. माझा कागद तिच्यापुढं ठेवला – एवढाच रिफंड येणार बघ. तिनं माझं पॅन टाकलं आणि सरकारचा तक्ता उघडला. म्हणाली, "काका, तुमचा अंदाज चुकलाय. बारा हजार तीनशे चाळीस येतील."

आधी आनंदच झाला. मग भीती वाटली. वरचे पाच रुपये दहाच्या पटीत धरायचे म्हणून, पण चौदाशे साठ जास्तीचे आले कुठनं?

तिनं बोट लावून दाखवलं. तुळजापूरच्या शाखेत माझ्या पॅनवर आणखी एक एफडी आहे. वर्षाचं व्याज चौदा हजार सहाशे, त्याचाही कर कापलाय. म्हणजे ठेव दोन लाखांच्या आसपास असणार.

मी ठेवलेली नाही! तिला तसं सांगितलं. म्हणाली, मग आधी बँकेत विचारून या. दुसऱ्या कुणी तुमचं पॅन वापरलं असेल तर भानगड व्हायची.

घरी काही बोललो नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

दुसरा शनिवार. बँक बंद. उद्या रविवार. दोन लाख कुणाचे असतील?

११ ऑगस्ट, सोमवार

पहिल्या गाडीनं तुळजापूर. बँकेत राजशेखर म्हणून क्लार्क आहे, भला माणूस. त्यानं जुना फॉर्म काढून दाखवला. सहा वर्षांपूर्वीचा. पहिलं नाव माझं, दुसरं कडूबाईचं. खाली सही – माझीच.

राजशेखर म्हणाला, मावशी दर वर्षी स्वतः येतात, व्याज त्यातच घालतात, वर थोडी भर टाकतात. तेव्हा त्यांच्याकडं पॅन नव्हतं म्हणून पहिलं नाव तुमचं लावलेलं.

स्टँडवर बसून राहिलो. दोन गाड्या सोडल्या.

घरी आलो तर कडूबाई भाकरी थापत होती. तुळजापुरात काय काम काढलं म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, देवीचं दर्शन घेतलं. म्हणाली, "मग कुंकू कुठाय?"

कपाळावरनं हात फिरवत आत गेलो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पैसे कुठनं आले ते मला ठाऊक आहे. कडक भाकरी. ती करते, वाळवते, नळदुर्गच्या ढाब्यांवर जातात. पंधरा-सोळा वर्षं झाली. मला वाटायचं, चहा-साखरेपुरतं सुटत असेल. कधी विचारलंच नाही.

पण लपवलं कशाला? मी दारू पीत नाही. तिच्यावर कधी हात उचलला नाही. मग माझी भीती कसली?

खरं सांगायचं तर – ज्या वर्षी मी मोटारसायकल घेतली, त्या वर्षी हे पैसे दिसले असते तर मी मागितले असते. ती घ्या म्हणाली असती. आणि ती मोटारसायकल तर तीन वर्षांत भंगारात गेली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज विचारलं. दुपारी, ती तव्यापुढं असताना. म्हटलं, तुळजापूरच्या एफडीचं मला कळलंय. सांगितलं का नाही?

तिनं हातातली भाकरी उलटली. मग म्हणाली, "सांगितलं व्हतं की."

कधी?

"सही घेतली तवाच. बँकेत पैसे ठेवायलेय, माझ्या भाकरीचे, असं म्हणले. तुमी म्हणलात, आण लवकर, गाडीची येळ झालीय."

मला काही आठवेना. डोक्याला लई ताण दिला. सही आठवत नाही, तिचं बोलणं आठवत नाही. पण 'आण लवकर, गाडीची येळ झालीय' – हे माझंच. रोज सकाळी हेच म्हणायचो.

म्हटलं, चुकलं माझं.

"जेवा आता," म्हणाली. वाटीत हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं वाढलं, वर तूप जास्तीच घातलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

रिटर्न भरलं. बारा हजार तीनशे चाळीस. वैष्णवीनं विचारलं, एफडी कुणाची निघाली? म्हटलं, आमच्या मालकिणीची. तिला हसू आवरेना. कडूबाईच्या पॅनचा अर्जही करून टाकला. फोटो काढायला इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मोबाईल दहादा बघितला. काही नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

रिफंड आला! बारा हजार सहाशे सत्तेचाळीस. वरचे तीनशे सात म्हणजे सरकारनं दिलेलं व्याज, असं वैष्णवी म्हणाली. हे तर माझ्या हिशोबात नव्हतंच!

पैसे काढून आणले. चौदाशे साठ वेगळे केले, वर छत्तीस रुपये तिच्या वाट्याचं व्याज धरलं, आणि कडूबाईच्या हातात दिले. वाटलं, राहू द्या म्हणेल. तिनं मोजून घेतले.

कन्याकुमारीचा विषय काढला. जाऊ की, म्हणाली, पण दिवाळी झाल्यावर. आत्ता ऑर्डरी हायेत.

८ सप्टेंबर, सोमवार

कडूबाईनं एफडी मोडली. मला बरोबर घेऊन गेली, सही करायच्या आधी सगळं वाचून दाखवायला लावलं. नळदुर्गला हायवेच्या कडेला गाळा घेतलाय भाड्यानं. कडक भाकरी, शेंगाचटणी. पाटीवर नाव तिचं.

परत येताना गाडीत म्हणाली, "तीन बाया ठरल्यात. हिशोबाला अन् गिऱ्हाइकाला एक माणूस पायजे. येता का? पगार देईन."

म्हटलं, विचार करून सांगतो. अणदूर यायच्या आत व्हय म्हणलो.

उद्या सकाळी साडेसातला हजर व्हायचंय.