ह्यांच्या गाडीची मजबुती

३ नोव्हेंबर २०१३, सकाळ
आजपासून घाबरायचं बंद. लिहून ठेवलं म्हणजे पाळलं जातं.
मुरलीधरने ह्यांच्या गाडीला इंजिनचा जोर वाढवणारा टर्बो बसवला आहे. पुढच्या महिन्यात शहराबाहेर रेस आहे, तिथे पळवणार. मुलगा एकोणतीस वर्षांचा. मी मना करणार नाही. मना करणाऱ्या आया मला आवडत नाहीत. फक्त जेवताना विचारलं, हेल्मेट आहे ना. झोपताना पुन्हा विचारलं.

५ नोव्हेंबर
रद्दीवाल्याकडून इंजिनचं हिंदी पुस्तक आणलं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं माझं मीच वाचलं. इंजिन काय अवघड?
पान ४१. ब्लॉकमध्ये चार सिलिंडर, जसे पाण्याच्या घंगाळात उभे चार पेले. वरून आधार नाही. आत मिनिटाला हजारो स्फोट. जोर वाढवला की पेले हलतात, तडकतात.
पुस्तक मिटलं. घाबरले नाही. पाणी प्याले.

८ नोव्हेंबर
उपाय पान ४३ वर. पेल्यांना वरून लोखंडी कडं ठोकून बसवायचं, म्हणजे हलत नाहीत. मुरलीला म्हटलं, आधी एवढं कर. लगेच हो म्हणाला. आईचं ऐकणारा मुलगा आहे.

१४ नोव्हेंबर
कडं बसलं. आमच्या शहरातल्याच गोरखपूर भागातला मेकॅनिक श्यामसुंदर म्हणाला, ब्लॉक मजबूत झाला, आता टर्बोचा दाब वाढवता येईल. वाढवला.
म्हणजे मजबुती मी दिली आणि वेग मुरलीने घेतला. हरकत नाही. आणखी मजबुती देऊ.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
सहा वाजून वीस. फाटकाशी गाडी थांबली. बंद करण्याआधी एकदा रेस दिली. हे असंच करायचे. हे जाऊन चार वर्षं झाली, मी अजून त्याच आवाजावर कुकर लावते.
शेजारच्या जयाताईंनी विचारलं, काहून वाळून राहिल्या. उपास आहे म्हटलं. कोणता, म्हणाल्या. सुचला नाही.

२२ नोव्हेंबर
पान ६०. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीत सिमेंटसारखा मसाला ओततात, मग सिलिंडर हलूच शकत नाहीत. मुरली कबूल. गाडी गॅरेजला गेली. पण अर्धीच पोकळी भरणार म्हणे. अर्धी का?
चेरीतालचं हे घर बांधलं तेव्हा हे ऑफिसात असायचे, उन्हात मी उभी. मिस्त्री बीम अर्धा भरून जेवायला निघाला होता. जाऊ दिलं नाही. तीस वर्षांत भेग नाही.

२३ नोव्हेंबर
गॅरेजला जाऊन मुरलीचा निरोप दिला, मसाला वरपर्यंत भरा. श्यामसुंदर म्हणाला, "माताजी, ऊपर तक भर देंगे तो पानी कहाँ घूमेगा?" दहा-बारा सेकंदच पळणाऱ्या गाड्या तशा भरतात म्हणे.
मी म्हटलं, "भैया, बीम कोई आधा भरता है क्या?"
त्याने भरलं.
हे खोटं नाही. निरोप मुरलीचा नव्हता, पण मुरलीसाठी होता. आज जेवण गेलं.

३० नोव्हेंबर
श्यामसुंदर लग्नाला कटनीला गेलेला. मुरलीने गॅरेजशेजारच्या चहावाल्याकडे ठेवलेली गाडीची चावी घेतली आणि निघाला. मदन महल स्टेशनपाशी धूर निघाला आणि इंजिन जाम झालं. बॉनेट उघडताना हात भाजला. घरी ऑटोने आला, हाताला रुमाल गुंडाळून.
त्याने श्यामसुंदरला फोन लावला. मी स्वयंपाकघरात पीठ चाळत होते. चाळलेलंच पुन्हा चाळलं.
मग दारात येऊन उभा राहिला. ओरडला नाही. म्हणाला, "आई, तू एकदा नको म्हटलं असतं ना, तर मी रेसला नसतीच नेली."

७ डिसेंबर, संध्याकाळ
गाडी फाटकात उभी आहे. श्यामसुंदर बघून गेला. सिलिंडरला एकही भेग नाही, असं त्याने स्वतः सांगितलं. मजबुतीत मी कमी पडले नाही. फक्त इंजिन आता कधी चालणार नाही.
रेसला जाणं झालं नाही. मुरली मित्राच्या मोटरसायकलने ऑफिसला जातो. आमच्या गल्लीत मोटरसायकली वीस-पंचवीस तरी असतील.
सहा वाजून वीस. कुकर भरून ठेवला आहे. एक मोटरसायकल आली, उठले, काडी ओढली. पुढे निघून गेली. दुसरी आली, पुन्हा उठले. तीही पुढे गेली.
काडेपेटीत सात काड्या उरल्या आहेत.